अक्षतांपाशी अडलेले चित्र

अंजनवेलच्या आमच्या घराच्या माडीवरून दाभोळच्या खाडीचे मुख दिसते. पलीकडे दाभोळचे बंदर, अलीकडे गोपाळगडाचा कोट, आणि रात्र पडली की टाळकेश्वराच्या दीपस्तंभाचा ठरल्या वेळी येणारा झोत. अशा ठिकाणी बसून संगणकाच्या पोटातील एका चिमुकल्या कार्डाचा इतिहास सांगावा, हे वाचकांना विचित्र वाटेल. परंतु त्या इतिहासाची ओळख मला याच माडीवर झाली, आणि तीही एका लग्नामुळे. म्हणून प्रारंभ लग्नापासूनच करतो.

२००८ सालच्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याचे लग्न न्यू जर्सीत झाले. आमच्या आईचे वय तेव्हा एक्याऐंशी. एवढा प्रवास तिला झेपणारा नव्हता. तिने तसे बोलून दाखवले नाही, पण नातवाच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या ही रुखरुख तिच्या मनात होती. दिवाळीला पुण्याहून माझा भाचा आला तो त्या लग्नाचे चित्रण घेऊनच. ते नव्या तऱ्हेच्या, म्हणजे हाय डेफिनिशन कॅमेऱ्याने घेतलेले होते. फराळ आटोपला, माडीवर सतरंजी पडली, आईला खुर्चीत बसवले, आणि आमच्या २००५ सालच्या पेन्टियम ४ संगणकावर लग्न लागू लागले.

मांडव दिसला, पाहुणे दिसले, अंतरपाट धरला गेला. चित्र मधूनमधून ठेचकाळत होते, तरी निभत होते. मंगलाष्टके संपली, ‘शुभमंगल सावधान’ ऐकू आले, सनई वाजली, टाळ्या पडल्या. आणि चित्र मात्र अंतरपाटावरच थिजले. आवाज पुढे गेला आणि नवरा-नवरी मागे राहिली. संगणकाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “अरे, अंतरपाट दूर कधी व्हायचा? टाळ्यासुद्धा वाजून गेल्या की!”

आम्ही ते पुन्हा लावले. पुन्हा तेथेच अडले. तिसऱ्यांदाही तेथेच. भाचा हसून म्हणाला, “मामा, याला अक्षता पेलवत नाहीत.” मला ती थट्टा वाटली. पण ते अक्षरशः खरे होते. ते खरे कसे, हेच मला आज सांगावयाचे आहे.

आधी थोडा हिशेब करू. हाय डेफिनिशनचे एक पूर्ण चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एका चित्राला ६२ लाखांवर बाइट लागतात. डोळ्यांना हालचाल अखंड वाटावी म्हणून अशी पंचवीस चित्रे एका सेकंदात दाखवावी लागतात. म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेपंधरा कोटी बाइट! त्या वेळी घरोघर असलेल्या ७०० मेगाबाइटच्या सीडीवर असले चित्रण पाच सेकंदही मावले नसते. एवढ्यात नवरीच्या गळ्यात हारदेखील पडावयाचा नाही.

अर्थात चित्रण असे जसेच्या तसे कोणी साठवीत नाही. ते दाबून, आवळून ठेवावे लागते. या आवळण्याच्या कलेचा पाया ज्यांनी घातला, त्यांत आपल्या देशातून गेलेल्या माणसांचा वाटा मोठा आहे. बंगळूरचे नसीर अहमद अमेरिकेत कॅन्सस राज्यातील विद्यापीठात शिकवीत असत. १९७२ साली त्यांनी एका गणिती रीतीच्या अभ्यासासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. तरी अहमदांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ च्या जानेवारीत तो शोधनिबंध प्रसिद्ध केला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे त्या रीतीचे नाव. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे लहान चौकोन पाडावयाचे, आणि प्रत्येक चौकोनात ठळक छटा किती व बारीक नक्षी किती हे वेगळे काढावयाचे. डोळ्याला जी बारीक नक्षी फारशी जाणवत नाही, ती मग बेताबेताने गाळता येते. पुढे छायाचित्रे साठविण्याची जेपेग पद्धत आणि चलच्चित्रांच्या एमपेग पद्धती याच पायावर उभ्या राहिल्या.

चलच्चित्रात आणखी एक सोय असते. आमच्या माडीवरून खाडीचे चित्रण केले असे समजा. कोट जागचा हलत नाही, डोंगर हलत नाही. धोपाव्याहून दाभोळकडे निघालेली फेरीबोट तेवढी सरकते. मग प्रत्येक चित्रात कोटाची तीच भिंत पुन्हा कशाला साठवावी? ‘मागचेच चित्र घ्या, आणि बोटीचा एवढा तुकडा इतके ठिपके उजवीकडे सरकवा’ एवढी सूचना लिहिली की भागते. आमच्या कॅमेऱ्याच्या जातीत या सगळ्या युक्त्या मिळून सेकंदाला फार तर तीस लाख बाइट खर्ची पडत. म्हणजे मूळच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास!

पण आवळलेले पुन्हा सोडवावे लागते, आणि तेही वेळेवर. दर चित्रामागे सेकंदाचा पंचविसावा भाग एवढीच मुदत. ती चुकली की चित्र ठेचकाळते. आता अक्षतांकडे वळू. कोट स्थिर असतो, बोट एकसंध सरकते. परंतु अक्षता म्हणजे शेकडो दाणे, प्रत्येकाची वाट निराळी. ‘एवढा तुकडा इतका सरकवा’ ही सूचना तेथे कामाचीच नाही. मागच्या चित्राचा आधार तुटतो, लिहावयाच्या खुणा वाढतात, आणि त्या उलगडण्याचे कष्टही वाढतात. चित्रणशास्त्रातील माणसे उडणारे कागदाचे कपटे, पाऊस, लाटांचा फेस यांना भितात ती याच कारणासाठी. आमचे भटजी बिचारे सावधान म्हणाले, पण संगणकाला सावध होता आले नाही.

हे ओझे मुख्य प्रोसेसरवरून काढून दुसऱ्यावर टाकावे, ही कल्पना मात्र २००८ सालची नव्हे. १९९३ साली सिग्मा डिझाइन्स या अमेरिकन कंपनीने ‘रीलमॅजिक’ नावाचे कार्ड काढले. साध्या संगणकावर एमपेग चित्रण दाखवावे एवढेच त्याचे काम. १९९६ च्या अखेरीस जपानात डीव्हीडी आली, पुढच्या वर्षी ती अमेरिकेत पोहोचली, आणि तेव्हाच्या प्रोसेसरांना ती जड जाऊ लागली. इंटेलने १९९७ च्या जानेवारीत पेन्टियमला ‘एमएमएक्स’ नावाच्या ५७ जादा आज्ञांची जोड दिली. कोणी डीव्हीडी सोडविणारे स्वतंत्र कार्ड विकले. कॅनडातील एटीआय कंपनीने तुकडे सरकविण्याचे काम आपल्या ग्राफिक्स कार्डावरच घेतले, आणि १९९८ साली जाहीर केलेल्या ‘रेज १२८’ मध्ये तर अहमदांच्या रीतीचे उलटे गणितही चिपमध्ये बसविले. पुढे थोड्याच वर्षांत प्रोसेसर इतके वेगवान झाले, की डीव्हीडीचे वेगळे कार्ड कोणी विकत घेईना. गडी कामावरून निघाला. मालकालाच ते काम जमू लागले.

महाराष्ट्राने हा खेळ निराळ्या रूपात आधीच पाहिला होता. संगणकाला जेव्हा केवळ इंग्रजी अक्षरे येत होती, तेव्हा काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे ही त्याच्या दृष्टीने आमच्या अक्षतांसारखीच होती: कोठून येतील आणि कोठे बसतील याचा नेम नाही. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये देवनागरीसाठी काम सुरू झाले, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर मोहन तांबे यांच्या चमूने ते तेथे पुढे नेले. त्यातून आले ‘जिस्ट कार्ड’. संगणकाच्या खाचेत ते बसविले, की डॉसवरचे मूळ इंग्रजी कार्यक्रम मराठीत लिहू-वाचू लागत. कार्यक्रमाला पत्ताही नसे. अक्षर जुळविण्याचा आणि पडद्यावर काढण्याचा सारा खटाटोप कार्ड परस्पर करी. पुढे संगणकाच्या मूळ प्रणालीतच युनिकोड देवनागरी आली आणि त्या कार्डाची गरज सरली. आज मोबाइलवर मराठीतून निरोप धाडणाऱ्याला ते कार्ड कधी होते हेही ठाऊक नसते. कार्ड गेले, पण मराठी राहिली. त्याचे काम तेवढेच होते.

चित्रांच्या बाबतीत गोष्ट येथे संपली नाही, कारण माणसाची हौस संपली नाही. २००३ च्या मे महिन्यात ‘एच.२६४’ ही नवी आवळण्याची पद्धत संमत झाली. एमपेग-२ ला लागे त्याच्या निम्म्या जागेत ती साधारण तेवढेच चांगले चित्र देई. तुकडा किती सरकला हे ती ठिपक्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत मोजी. चौकोनांच्या शिवणी दिसू नयेत म्हणून ती त्यांवरून हात फिरवी. २००६ साली एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोन नव्या तबकड्या बाजारात आल्या. त्यांपैकी पहिलीने २००८ च्या फेब्रुवारीत हार मानली. आमच्या पुतण्याच्या लग्नात फिरलेला कॅमेराही एच.२६४ चाच होता. पद्धत उत्तम, पण सोडविण्यास फार कठीण. डीव्हीडी लीलया पेलणारा आमचा पेन्टियम तिच्यापुढे पुन्हा टेकीला आला.

मधल्या काळात ग्राफिक्स कार्डे बलाढ्य झाली होती. मुलांच्या खेळांसाठी एनव्हिडिया आणि एटीआय या दोन कंपन्यांत चुरस लागली होती. मायक्रोसॉफ्टने २००० सालच्या सुमारास अशी सोय केली, की चित्रण दाखविणाऱ्या कार्यक्रमाने कार्डाकडे काम सोपवावे आणि दोघांनी एकच भाषा बोलावी. एनव्हिडियाने २००४ च्या डिसेंबरात ‘प्युअरव्हिडिओ’ आणि एटीआयने २००५ साली ‘अविवो’ अशी नावे देऊन आपले चित्रणविभाग पुढे आणले. तरी एक गाठ सुटत नव्हती, आणि या साऱ्या कहाणीतील मौजेचा भाग तोच आहे.

२००६ च्या नोव्हेंबरात एनव्हिडियाचे ‘जीफोर्स ८८०० जीटीएक्स’ आले. त्यात १२८ लहान लहान गणकयंत्रे, आणि किंमत ५९९ डॉलर. असे कार्ड अक्षता झेलणार नाही तर कोण झेलणार? पण एच.२६४ उलगडण्याची पहिली पायरी त्याला येत नव्हती. ती मुख्य प्रोसेसरकडेच राहिली. कारण त्या पायरीचा स्वभावच निराळा. भाताची लावणी असेल, तर वीस माणसे लावली की काम झपाट्याने उरकते. प्रत्येकाने आपली ओळ धरावी. चित्राचे रंग भरणे, तुकडे सरकविणे ही लावणीसारखी कामे. परंतु कोळ्याचे जाळे गुंतले, तर तेथे वीस माणसे काय करणार? एक गाठ सुटल्यावाचून पुढची दिसतच नाही. एच.२६४ मधील खुणांची माळ अशीच असते. मागची खूण काय निघाली त्यावर पुढची कशी वाचावयाची हे ठरते. तेथे १२८ हात असून उपयोग नाही. गाठी सोडविण्याची सवय असलेला एकच हात हवा.

तो हात २००७ च्या एप्रिलात आला, आणि आला तो स्वस्त कार्डांत! एनव्हिडियाच्या ८६०० आणि ८५०० या मधल्या व खालच्या कार्डांत, आणि मागोमाग ८४०० या त्याहून स्वस्त कार्डात, ही माळ आरंभापासून शेवटपर्यंत उलगडणारा खास भाग बसविला होता. ८४०० मध्ये गणकयंत्रे अवघी १६. तरी १२८ वाल्याला न जमलेले काम ते सहज करी. दुसऱ्या गोटातही तसेच घडले. एटीआय तोवर एएमडी कंपनीत विलीन झाली होती. तिचे २००७ च्या मे महिन्यात आलेले भारी ‘रेडिऑन २९००’ या विद्येविना आले; आणि जूनमध्ये आलेल्या २४०० व २६०० या लहान भावंडांत ती पूर्ण होती. ज्याच्या घरी भारी कार्ड, त्याच्या घरी प्रोसेसरही भारीच असावयाचा. त्याचे कसेबसे निभे. खरी नड होती ती जुन्या, साध्या संगणकांची, आणि उपायही त्यांच्याच खिशाला परवडेल असा निघाला. व्यापारात असे नेहमी घडत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

भाच्याला हे सारे ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी तो एसटीने चिपळूणला गेला आणि दोन-अडीच हजारांत ८४०० जातीचे एक कार्ड घेऊन संध्याकाळी परतला. तळहाताएवढी हिरवी पट्टी. ती हातात घेऊन आई म्हणाली, “एवढ्याशाने व्हायचंय होय?” भाच्याने खाचेत ती बसविली आणि तिच्याशी बोलू शकणारा एक कार्यक्रम संगणकावर घातला.

तेवढ्यात वीज गेली. आमच्या शिवारात, वेलदूर आणि रानवीच्या बाजूने, ज्याला लोक अजूनही ‘एन्रॉन’ म्हणतात तो प्रकल्प उभा आहे. त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला, २००१ साली बंद पडला, आणि २००५ साली स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीने पुढच्या वर्षी प्रकल्प पुन्हा चालू केला. अशा गावात राहूनही भारनियमनाचे वेळापत्रक आमच्या भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी लटकत असे. इन्व्हर्टर होता, पण त्याचा जीव केवढा! आदल्या दिवशी त्याच इन्व्हर्टरवर संगणक चालविला, तर अर्ध्या लग्नातच त्याने शिट्टी वाजविली होती. त्या जातीचा प्रोसेसर जोरात चालला की एकटाच शंभर वॅटच्या आसपास वीज खाई.

या खेपेस मात्र निराळे घडले. मंगलाष्टके झाली, अंतरपाट बाजूला झाला, आणि अक्षता पडल्या. चित्र थांबले नाही. भाच्याने कोपऱ्यातील आकडा मला दाखविला. काल शंभरावर अडकलेला प्रोसेसरचा भार पंधरा-वीसच्या घरात होता, आणि गिरणी थांबल्यासारखा पंखा निवांत झाला होता. इन्व्हर्टर लग्न लागून, सप्तपदी होऊन, जेवणाच्या पंक्ती उठेपर्यंत पुरला. एखादे काम सर्वज्ञाने करणे आणि तेच काम ज्याला तेवढेच येते त्याने करणे, यांत विजेचा केवढा फरक पडतो, हे मला त्या रात्री पुस्तकावाचून समजले.

आईला यातले काहीच सांगितले नाही. ती पडद्याजवळ खुर्ची ओढून बसली होती. “पुन्हा लाव,” ती म्हणाली. पुन्हा लावले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला लांबचे स्वच्छ दिसे. “नवरीच्या केसांत अडकल्यात बघ अक्षता. दाणा न् दाणा दिसतोय,” असे म्हणून तिने शेजारच्या वाटीतले चार तांदळाचे दाणे उचलले आणि पडद्यावर टाकले. आम्ही सगळे गप्प झालो. ती वाटी तिने केव्हा आणून ठेवली होती, कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

पुढचा इतिहास लवकर आटपतो. २०१० साली व्हीएलसी आणि फ्लॅश हे लोकांच्या रोजच्या वापरातील कार्यक्रम कार्डाची मदत घेऊ लागले. २०११ च्या आरंभी इंटेलने चित्रण आवळणारा आणि सोडविणारा विभाग प्रोसेसरच्याच पोटात बसविला. आज असा विभाग मोबाइलमध्येही असतो. तो नसता, तर एक सिनेमा पाहतापाहता बॅटरीने मान टाकली असती. वेगळे कार्ड पुन्हा एकदा घरात विरघळून गेले.

या रीतीला एक उणेही आहे, ते लपविण्यात अर्थ नाही. ज्याला एकच विद्या येते, त्याला नवी शिकविता येत नाही. २०१३ साली एच.२६५ आणि २०१८ साली एव्ही१ या पद्धती आल्या. आमच्या हिरव्या पट्टीला त्यांतले अक्षरही कळत नाही. सर्वज्ञ प्रोसेसर हळू का होईना, नवे शिकतो. खास कारागीर आपल्या विद्येबरोबरच निवृत्त होतो. आमचा तो संगणक केव्हाच मोडीत गेला. कार्ड मात्र मी काढून ठेवले. ते माडीवरच्या कपाटात, आईच्या चष्म्याच्या डबीशेजारी आहे. आई २०१३ साली गेली.

गेल्या दिवाळीत पुतण्याची मुलगी अंजनवेलला आली होती. आईबापांचे लग्न तिने माझ्या फोनवर पाहिले. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, चित्र क्षणभरही अडले नाही; आणि ते अडू शकते, हे तिला सांगूनही खरे वाटेना. मग मी कपाटातून ती हिरवी पट्टी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “आजोबा, हिच्या फटीत हे तांदळाचे दाणे कुठून आले?”